हीटर चालू होता

३ ऑगस्ट

प्रिय खोडरबर,

इथे 'अनेक आशीर्वाद' लिहायची पद्धत आहे. पण चार वर्षं ज्याच्याशी एक अक्षर बोलले नाही, त्याला पहिल्याच ओळीत आशीर्वाद दिले तर तू म्हणशील, ताईचं काहीतरी काम अडलंय. अडलंयच. म्हणून आशीर्वाद सध्या शिल्लक ठेवते.

फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम असं आहे. आमच्या रडारच्या बावीस वर्षांच्या नोंदी नव्या संग्रहात चढवायच्या आहेत. प्रत्येक दिवसापुढे दोन रकाने आहेत: तुमच्या केंद्राचा हीटर चालू होता का, आणि आम्हाला प्रतिध्वनी मिळाला का. खाली सही माझी. संग्रहाचा कारकून परवा विचारत होता, "मॅडम, हीटर म्हणजे खोली गरम करायचा तो ना?" मी म्हटलं, "नाही हो, माझा भाऊ सहाशे किलोमीटरवर बसून आकाश गरम करतो." मग त्याला समजावून सांगितलं, की जमिनीवरून जोरकस रेडिओलहरी वर सोडल्या की अडीचशे किलोमीटर उंचीवर आयनांबराचा एक तुकडा तापतो, त्या तुकड्यात पृथ्वीच्या चुंबकरेषांच्या दिशेने बारीक रेघा उठतात, आणि आमच्या रडारच्या लहरी त्या रेघांवर आपटून परत येतात. हीटर बंद केला की थोड्याच सेकंदांत रेघा विरतात आणि आमचा पडदा कोरा. तो म्हणाला, "म्हणजे भावाने तिकडे बटण दाबलं की इकडे बहिणीला कळतं." माणूस हुशार आहे. त्याला मी चहा पाजला.

एका दिवसाचा रकाना मी शेवटपर्यंत रिकामा ठेवला होता. सतरा नोव्हेंबर, चार वर्षांपूर्वीचा. त्या संध्याकाळी सात चाळीसला आई गेली. तू दुसऱ्या दिवशी दुपारी आलास आणि दारातच म्हणालास, "हीटर चालू होता, सोडून येता आलं नाही." बाबा म्हणाले, "काम होतं त्याचं." मी काही बोलले नाही, आणि त्यानंतर बोललेच नाही.

काल मी ती संध्याकाळ उघडली. पाच ते आठ. वेळापत्रकाप्रमाणे तुझा हीटर दहा मिनिटं चालू आणि पाच मिनिटं बंद असायला हवा होता. तसं असलं की आमच्या पडद्यावर धावदोरा घातल्यासारखं दिसतं, बारा टाके. एकही टाका नव्हता रे.

त्या दिवसाच्या तुझ्या नोंदवहीच्या पानाची प्रत पाठव. सहज विचारतेय.

बाबा बरे आहेत.

ताई


१९ ऑगस्ट

खोडरबर,

पान मिळालं. सोबत चिठ्ठी नाही, 'ताई कशी आहेस' नाही, काही नाही. नुसतं पान. ठीक आहे.

पान मी तीनदा वाचलं. 'सतरा वाजता चालू, सतरा दहाला बंद, सतरा पंधराला चालू', असं करत रात्री आठपर्यंत. पूर्ण शक्ती. सगळं एका शाईत, एका चालीत, अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं. शाळेत तू खोडून खोडून शुद्धलेखनाच्या वहीला भोकं पाडायचास, म्हणून तर तुला हे नाव पडलं. गेल्या बावीस वर्षांतली तुझी किती पानं माझ्याकडे आली आहेत! एकही असं नाही की ज्यात दोन-तीन वेळा आकडे गिरवलेले नाहीत. आणि ज्या दिवशी आई अंथरुणावर होती, त्या दिवशीच्या पानावर एक खाडाखोड नाही? असं पान माणूस काम करता करता लिहीत नाही. नंतर कधीतरी निवांत बसून लिहितो.

तू म्हणशील, हीटर चालू असला तरी प्रतिध्वनी येईलच असं नाही. मला शिकवू नकोस. वरचा थर विरळ असला की तुमच्या लहरी त्यातून आरपार निघून जातात आणि काही तापत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून थराची घनता मोजणाऱ्या यंत्राच्या त्या दिवशीच्या नोंदी मी मागवल्या. तुमच्याच आवारातल्या यंत्राच्या. थर आठ वाजून गेले तरी चांगला दाट होता. म्हणजे ती पळवाट बंद.

आणि आमच्याकडची संध्याकाळ इतकी स्वच्छ होती की विचारू नकोस. एरवी कुठेतरी विजा चमकतात, लांबची रेडिओ स्टेशनं मध्ये मध्ये बडबडतात, काही ना काही खरखर असतेच. त्या दिवशी पडदा धुतलेल्या फरशीसारखा होता. हीटर पाव शक्तीवर जरी चालू असता तरी दिसला असता.

कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे ते तू सांग, म्हणजे मला शोधावं लागणार नाही.

बाबांना जिना चढताना थोडी धाप लागते. वय झालं.

ताई


३१ ऑगस्ट

खोडरबर,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी दुसरीकडून माहिती काढली. हे तुला आवडणार नाही. मलाही आवडलं नाही, पण केलं.

तुमचे जनरेटरवाले काका निवृत्त होऊन मुलीकडे राहतात. त्यांना पत्र घातलं. उलट टपाली उत्तर आलं, मोठ्या अक्षरात. 'त्या दिवशी मीच जनरेटरवर होतो. साहेब स्वतः हीटरवर होते, उठले नाहीत. दर पाच मिनिटांच्या सुट्टीत फोनकडे बघायचे. आठ वाजून दोन मिनिटांनी फोन आला आणि साहेब तिथेच फरशीवर बसले.'

वाचून क्षणभर मला ते पटलं, हे कबूल करते. पण मग विचार केला. चार वर्षांपूर्वीचा एक दिवस एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मिनिटासकट आठवतो? मला सकाळचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. ते पत्र तू सांगून लिहवून घेतलंस की काय? काकांची सगळी नोकरी तुझ्या हाताखाली गेली, 'साहेब' म्हणाल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. रडार मात्र कुणाच्या हाताखाली नाही. ते कुणाला साहेब म्हणत नाही.

तेव्हा कोण होती ती, तेवढं सांग. किंवा कोण होता, किंवा काय होतं. दारू होती का? नोकरी सोडायच्या मुलाखतीला गेला होतास का? मी सगळं ऐकून घेईन. माणूस घाबरतो, मरण जवळ आलं की त्या घरात पाय टाकायला नको वाटतं, हेही मी समजू शकते. आईकडे त्या अवस्थेत बघवत नव्हतंच. पण 'काम होतं' म्हणू नकोस. मला कामाचं नाव सांगू नकोस, मी त्याच कामात केस पांढरे केले आहेत.

त्या दिवशी सकाळी मी तुला फोन केला होता. आई बरी नाही, हे सांगितलं होतं. नऊची गाडी पकडली असतीस तर साडेपाचपर्यंत पोचला असतास. ती शुद्धीवर होती तोपर्यंत. दोनदा तिने दाराकडे बघितलं.

ताई


१२ सप्टेंबर

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'हीटर चालू होता. बाबांना यात ओढू नकोस.'

चोराच्या मनात चांदणं. या चौकशीत बाबांना मी कुठे आणलं होतं?

आता ऐक. बाबांना मी सगळं सांगितलं आहे. ओढलं नाही, त्यांनीच विचारलं. मी तुझं पान आणि रडारचा कागद शेजारी शेजारी ठेवून बघत होते, ते मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हे कधीचं?" मी तारीख सांगितली. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मला कळेल असं सांग." मी सांगितलं. हीटर चालू असता तर इथे टाके दिसले असते, दिसत नाहीत.

"म्हणजे तो कामावर नव्हता?"

"तसं दिसतंय."

"दिसतंय की आहे?"

"आहे," मी म्हटलं.

चार वर्षं त्यांनी एकाच गोष्टीवर तुला धरून ठेवलं होतं. शेजारपाजारचे, मावशी, मी, कुणीही तुझ्याबद्दल काही बोललं की ते म्हणायचे, "काम होतं त्याचं, मौज करत नव्हता." या वेळी ते तसं म्हणाले नाहीत. मग उठून गॅलरीत गेले आणि तिथूनच म्हणाले, "ऑपरेशनचं त्याला कळवू नकोस."

ऑपरेशन म्हणजे बाबांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. नऊ ऑक्टोबरला, गुरुवारी. 'बाबा बरे आहेत' हे मी तुला खोटंच लिहिलं होतं, ते बरे नाहीत. धाप जिन्यावर लागत नाही, बसल्या जागी लागते. सर्जन म्हणाले, वय त्र्याऐंशी आहे, नाही केलं तर वर्ष जाणार नाही, आणि केलं तर टेबलावरच काही होऊ शकतं. दोन्ही स्पष्ट सांगितलं.

कळवू नकोस म्हणाले तरी मी कळवतेय. कारण मला तुझ्यासारखं व्हायचं नाही. पण त्यांच्या मनाविरुद्ध तुला दारात उभं करणार नाही. त्या संध्याकाळी तू खरा कुठे होतास ते लिही. खरं लिहिलंस तर मी त्यांच्यापुढे तुझी बाजू मांडीन, हात जोडीन, आणि ते ऐकतील, मला माहीत आहे. खोटं लिहिलंस किंवा मूग गिळून बसलास, तर आईच्या वेळी आला नाहीस तसा बाबांच्या वेळीही येणार नाहीस. फरक इतकाच की या वेळी बोलावलंच नव्हतं म्हणून.

नऊ तारखेपर्यंत तुला वेळ आहे.

ताई


२१ सप्टेंबर

खोडरबर,

तुझं उत्तर नाही. त्याऐवजी एक वकील आला आहे. तू पाठवलास का?

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तो उल्कावाला बसतो, तुझ्या वसतिगृहातला. हाडाचा गप्पिष्ट आणि चहाला कायम हजर. त्याला माझ्या नोंदींतली जवळची अंतरं हवी असतात. तुला माहीत आहे, मी तीनशे किलोमीटरच्या आतलं सगळं आधीच गाळून टाकते. तिथे नुसत्या उल्कांच्या रेघा असतात, माझ्या कामाला तो कचरा. त्याला तेच पक्वान्न. तो कधीकधी म्हणतो, "ताई, तुमच्या उष्ट्यावर माझं पोट भरतं."

तर हा परवा वर आला. सतरा नोव्हेंबरच्या आसपास दर वर्षी मोठा उल्कावर्षाव असतो म्हणे, पहाटे जोर धरतो, त्याला सगळ्या वर्षांचे आकडे जुळवायचे आहेत. मी न गाळलेल्या मूळ नोंदी त्याला काढून दिल्या. काल तोंड एवढंसं करून आला.

"ताई, चार वर्षांपूर्वीचा सतरा नोव्हेंबर. तुमच्याकडे एकही उल्का नाही."

"नसेल पडली."

"ताई, उल्का कधी नसत नाहीत. रोज, भरदुपारी, कुठल्याही तासाला शे-दोनशे असतात. एकही नाही म्हणजे काय? संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत एक नाही, आणि ती वर्षावाची पहाट."

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, "रडार बघत होतं का, असं आपलं मनात आलं."

नेमकी तीच तारीख! बावीस वर्षांत आठ हजार दिवस, आणि याला नेमकी त्याच दिवसाबद्दल शंका येते. मी त्याला सरळ विचारलं, "तुला माझ्या भावाने काही लिहिलंय का?" तर म्हणतो कसा, "तो मला लिहीत नाही, त्याला तुमच्या इमारतीचं नावही नको असतं." नाटकी मेला. माझ्या रडारला आंधळं म्हणतो. उंटावरचा शहाणा. रडार चालूच होतं, नोंद आहे ना, तास न् तासाची नोंद आहे, धुतलेल्या फरशीसारखी.

उद्या मूळ नोंद स्वतः उघडून त्याच्यापुढे ठेवते. तुलाही प्रत पाठवीन.

ताई


२५ सप्टेंबर

हे पत्र मी तीन दिवस लिहितेय. आधीचे दोन कागद फाडले.

सतरा नोव्हेंबरला दुपारी चार वीसपर्यंत उल्का आहेत. नेहमीसारख्या, मिनिटाला दोन-तीन. चार वीसनंतर एक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी परत सुरू होतात, नळ सोडावा तशा.

चार वीसला मी काय करत होते ते मला आठवतं, कारण बाबांचा फोन तेव्हाच आला. मी यंत्राचा स्वतःचा आवाज मोजत होते. आठवड्यातून एकदा मोजतो आपण सगळे. अँटेना सोडवून यंत्राला त्या बंद डब्यावर, डमीवर टाकायचं, दहा मिनिटं नोंद घ्यायची आणि खटका परत अँटेनावर फिरवायचा. डमीवर असताना रडार आकाशाकडे बघत नसतं. खटका हाताचा आहे, संगणकाला त्याचा पत्ता नसतो, तो आपला इमानेइतबारे नोंद करत राहतो. बाबा फोनवर म्हणाले, "लगेच ये." मी पर्स उचलली आणि पळाले.

खटका मी फिरवला नाही.

म्हणून ती संध्याकाळ इतकी स्वच्छ होती. वीज नाही, खरखर नाही, उल्का नाही, तू नाहीस. मी एका बंद डब्याची नोंद घेऊन तुला खोटं ठरवलं. आणि जवळची अंतरं मी गाळून टाकते म्हणून मला ते दिसलंही नाही. उल्का समोर असत्या तर त्या नाहीत हे पहिल्या मिनिटाला दिसलं असतं. तुझ्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी दोन महिने घालवले, आणि माझ्या डोळ्यातलं मुसळ खालच्या मजल्यावरच्या माणसाला दिसलं.

तरी मी शंका सोडली नाही, बघ माझा स्वभाव. म्हटलं, खटका दुसऱ्या कुणी फिरवला असेल. सकाळपाळीचे अण्णा अजून नोकरीत आहेत. त्यांना विचारलं, चार वर्षांपूर्वी असं असं काही आठवतं का. ते हातातला स्क्रूड्रायव्हर फिरवत म्हणाले, "आठवतं की. डमीवर होता खटका. मी फिरवला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमची आई गेली होती, बाई. अशा वेळी माणसाला काय सांगायचं, तुमचा खटका राहिला म्हणून? म्हटलं, जाऊ दे."

त्यांच्यावर रागवायला गेले आणि रडायला लागले. अण्णांनी मला त्यांच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

आता दुसरी गोष्ट. ही तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि तिसऱ्या कुणालाही माहीत नाही. मी तुला लिहिलं होतं, सकाळी फोन करून आई बरी नाही हे सांगितलं. तेवढंच लिहिलं. पुढचं वाक्य लिहिलं नाही. तू म्हणालास, "मी नऊच्या गाडीने निघतो." आणि मी म्हटलं, "आज नको. आज मोहिमेचा शेवटचा दिवस आहे, आज हीटर नाही चालला तर माझी दोन वर्षं पाण्यात जातील. डॉक्टर म्हणतायत लगेच काही नाही. उद्या ये." डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, सांगता येत नाही. ते मी माझ्या सोयीने फिरवलं.

म्हणजे तू माझ्यासाठी थांबलास. तीन तास हीटर चालवत राहिलास, आणि इकडे तुझ्याकडे बघायला कुणी नव्हतं. तू माझ्या शब्दाखातर आईला मुकलास आणि त्यातून काहीच निघालं नाही, एक टाकाही नाही.

दुसऱ्या दिवशी दारात तू 'हीटर चालू होता' म्हणालास, तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ताईने थांब सांगितलं, असं तू म्हणू शकला असतास. माझ्याकडे बघितलंसही. मी मान खाली घातली. तू बाबांना काही सांगितलं नाहीस, तेव्हाही नाही आणि गेल्या चार वर्षांतही नाही. मला वाटतं, आई गेल्यावर बाबांना माझ्याजवळ राहायचं होतं आणि त्यांचा तो आधार तू मोडू दिला नाहीस. मी मात्र तुझा तेवढा चांगुलपणा सहन करू शकले नाही. मला तुझ्यात काहीतरी खोट हवीच होती. ती सापडली तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं होतं.

संग्रहाचा रकाना भरला. हीटर: चालू. रडार: डमीवर, चालकाची चूक. खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

तुझ्या पानावर खाडाखोड का नाही, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण मी शोधणार नाही. कदाचित त्या दिवशी तुला चुकायचं नव्हतं, एवढंच असेल.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी त्यांना त्रास नको, असं मी स्वतःला सांगतेय. हे कारण मला माझ्याच तोंडून फार ओळखीचं वाटतं.

ताई


२ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

हे पत्र उल्कावाल्याच्या हाती पाठवतेय. टपालावर विसंबायला वेळ नाही. माझा फोन तू उचलत नाहीस, अकरा वेळा लावला. तो उद्या संध्याकाळी तुझ्या दारात येईल. त्याला आत घे, चहा दे, आणि हे त्याच्यासमोर वाच. त्याला मी सांगितलंय की उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही.

आज सकाळी मी बाबांना सांगितलं. ते दवाखान्याची पिशवी भरत होते. मी करते म्हटलं तर ऐकत नाहीत, टॉवेल स्वतःच्या पद्धतीनेच घडी करतात. मी समोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. खटका, डबा, उल्का, अण्णा. त्यांना किती कळलं माहीत नाही. मध्ये त्यांनी फक्त एवढं विचारलं:

"म्हणजे तो कामावर होता."

"हो."

"आणि तुझं यंत्र बंद होतं."

"बंद नव्हतं, पण बघत नव्हतं. बंदच म्हणा."

"तू मला म्हणालीस, दिसतंय नाही, आहे."

"म्हणाले."

"आई एवढी आजारी असताना तो थांबला कशाला मग? एक दिवस हीटर नसता चालवला तर काय आकाश पडणार होतं?"

इथे मी थांबू शकले असते. ऑपरेशनला सात दिवस आहेत, त्यांना जपा असं डॉक्टरांनी बजावलंय. तुलाही चार वर्षं हे झाकून ठेवणं जमलंच होतं.

"मी थांब म्हटलं," मी सांगितलं. "तो निघत होता. मी त्याला येऊ दिलं नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही खोटं सांगितलं."

बाबांनी हातातला टॉवेल परत उलगडला आणि परत घडी केली. मग पिशवीत ठेवला आणि चेन लावली. त्यांचा श्वास नीट चाललाय ना, एवढंच मी बघत होते. पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "तिने दोनदा दाराकडे बघितलं होतं."

"हो."

"मला वाटलं, पाणी हवंय."

मग ते उठले, गॅलरीत गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. म्हणाले, "त्याला बोलव. आतल्या दारापर्यंत एकालाच सोडतात, परवा ती नर्स सांगत होती. तो येईल माझ्याबरोबर. तू बाहेर बस."

मला राग आला, हे तुझ्यापासून लपवत नाही. चार वर्षं औषधं मी देते, रक्ताच्या तपासण्या मी करते, पहाटे धाप लागली की पाठीला उशा मी लावते. हे सगळं ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. मी "बरं" म्हटलं. ते बरोबर म्हणतायत. आईच्या वेळी आत मी होते आणि बाहेर तू, आणि ते तसं मी ठरवलं होतं.

दुपारी दवाखान्यात गेले. संमतीच्या फॉर्मवर 'सोबत असणारा जवळचा नातेवाईक' म्हणून माझं नाव आणि सही होती. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, बदलायचंय. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं सगळं पूर्ण झालंय, आता कशाला?" मी म्हटलं, "चुकीचं नाव पडलं होतं." त्यांनी जुना फॉर्म फाडला, नवा दिला. त्यावर तुझं नाव लिहिलं, तुझं खरं नाव, बऱ्याच वर्षांनी. सहीची जागा रिकामी आहे. ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाची चालणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. माझीसुद्धा नाही.

क्षमा मागायला मला शब्द सापडत नाहीत आणि तू ती केलीस की नाही हे विचारायचा हक्क मला नाही. मला वाईट वाटलंच तर ते मी बाहेरच्या बाकावर बसून वाटून घेईन. तू माझ्याशी बोलू नकोस, हवं तर माझ्याकडे बघूही नकोस. बाबांशी बोल.

गुरुवारी सकाळी सात वाजता त्यांना आत न्यायचं आहे. तुझी सही झाल्याशिवाय ते त्यांना हात लावणार नाहीत.

ताई